उपाशी राहिलेले मन
(जॉन स्टुअर्ट मिल याच्या बालपणाची आणि तारुण्याची कथा)

हुशार मुलाची चिंता कुणी करायची नसते, अशी आपल्याकडे एक सर्वमान्य समजूत आहे. वर्गातला कच्चा विद्यार्थी शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो, खोडकर विद्यार्थी तर असतोच असतो. पण पहिल्या बाकावर बसून सगळी उत्तरे देणारा मुलगा मात्र आपले आपण पाहून घेईल, असे सगळ्यांनी धरून चाललेले असते. निकालाच्या दिवशी त्याच्या हातावर पेढा ठेवला, संमेलनात एखादे पुस्तक बक्षीस दिले, की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपले. त्याला मित्र आहेत का, मनातले बोलायला त्याच्याजवळ कुणी आहे का, हे प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. बुद्धी आहे ना, मग आणखी काय हवे?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला स्वतःच्या आयुष्यात फार महाग पडले, अशा एका मोठ्या माणसाची ही कथा आहे. जॉन स्टुअर्ट मिल हे नाव कला शाखेच्या विद्यार्थ्याला परके नाही. राज्यशास्त्राच्या तासाला ‘ऑन लिबर्टी’ येते, अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याला टाळता येत नाही, आणि तर्कशास्त्राचे विद्यार्थी तर अन्वय आणि व्यतिरेकाच्या पद्धती पाठ करताना त्याच्याच ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’चा ऋणभार वाहत असतात. आपल्या गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर स्पेन्सरबरोबर ज्याचा ठसा उमटला, तो हाच मिल. परंतु परीक्षेसाठी आपण वाचतो तो पन्नाशीचा, जगन्मान्य मिल. विसाव्या वर्षी लंडनमध्ये मनाने पार कोसळलेला आणि ते सांगायला एकही माणूस नसलेला मिल आपल्या नोट्समध्ये कुठेच भेटत नाही.

जॉनचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये पेंटनव्हिल येथे झाला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधील एका खेड्यातल्या चांभाराचे चिरंजीव. सर जॉन स्टुअर्ट नावाच्या एका धनिकाच्या आश्रयाने एडिंबरो विद्यापीठात शिकून ते पुढे लंडनला आले आणि लेखणीवर पोट भरू लागले. त्या उपकारकर्त्याचेच नाव त्यांनी मुलाला दिले. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला आणि सुमारे अकरा वर्षे खपून तो पुरा केला. हिंदुस्थानात कधी पाऊल न टाकता लिहिलेला हा ग्रंथ पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाचला. १८०८ साली जेम्स मिलची जेरेमी बेंथॅमशी ओळख झाली आणि उपयुक्ततावादाचा हा खंदा पुरस्कर्ता बेंथॅमचा उजवा हात बनला. अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख हे दोघांचे ध्येय. ते पुढे न्यायला एक वारस हवा होता. तो घरातच पाळण्यात होता.

जॉनचे शिक्षण सुरू झाले ते तिसऱ्या वर्षी, आणि तेही ग्रीक भाषेपासून! वडील कार्डांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहून देत, मुलगा ते पाठ करी. मग इसापच्या गोष्टी मुळातून, मग झेनोफन, हिरोडोटस. सातव्या वर्षी प्लेटोचे सहा संवाद वाचून झाले होते. त्यांतला ‘थीटीटस’ हा संवाद त्या वयात आपल्याला समजणे शक्यच नव्हते, तो गाळला असता तर बरे झाले असते, असे मिलने पुढे लिहून ठेवले आहे. आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी रिकार्डोचे अर्थशास्त्र.

इथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हे शिक्षण म्हणजे निव्वळ घोकंपट्टी नव्हती. त्या काळचे ग्रीक कोश अर्थ देत ते लॅटिनमध्ये, आणि लॅटिन तर जॉनला अजून येत नव्हते. म्हणून जेम्स मिल ज्या टेबलापाशी बसून इतिहास लिहीत, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जॉन ग्रीकचा धडा करी आणि अडलेला प्रत्येक शब्द वडिलांना विचारी. मूळचे तापट असलेले हे गृहस्थ दर दोन मिनिटांनी लेखणी थांबवून अर्थ सांगत आणि पुन्हा लिहू लागत. सकाळी न्याहारीपूर्वी दोघे हिरव्या गल्ल्यांतून फिरायला जात. आदल्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाची टिपणे कागदाच्या चिटोऱ्यांवर उतरवलेली असत. त्यांच्या आधाराने जॉन चालता चालता सारा मजकूर वडिलांना सांगे. जे स्वतः विचार करून सापडण्यासारखे आहे, ते आधी सांगायचे नाही, असा वडिलांचा कटाक्ष होता. किती बाप आपल्या मुलासाठी इतका वेळ काढतात? मिलने हे ऋण अखेरपर्यंत मान्य केले. या शिक्षणामुळे समवयस्कांच्या मानाने आपल्याला पाव शतकाची आघाडी मिळाली, असा त्याचा स्वतःचाच हिशेब होता.

मग उणे काय राहिले?

पहिले उणे म्हणजे सवंगडी. इतर मुलांच्या संगतीने त्यांचे उथळ विचार आपल्या मुलाला चिकटतील, या भीतीने जेम्स मिलने जॉनला शाळेत घातले नाही आणि शेजारच्या मुलांत मिसळू दिले नाही. कामाची सवय मोडेल म्हणून सुट्टी अशी कधी दिली नाही. खेळण्यांची आणि गोष्टींच्या पुस्तकांची वानवाच होती. ‘रॉबिन्सन क्रूसो’ हा त्यांतला मोठा अपवाद. भावंडे होती, पण त्यांच्याशी खेळण्याऐवजी त्यांना शिकवण्याचे काम आठव्या वर्षापासून त्याच्या गळ्यात पडले. धाकट्या बहिणीला लॅटिन येत नसेल तर बोलणी त्याला बसत. मोठा भाऊ हा असा घरातल्या घरात मास्तर झाला. आणि मास्तरांशी कोण खेळणार? हातांनी करायच्या कामात तो कमालीचा अडाणी राहिला. चार मुलांत धडपडून, हातपाय खरचटून, वस्तू मोडून-जोडून जे अंगी येते, ते त्याला कधी मिळालेच नाही.

दुसरे उणे अधिक खोल होते. जेम्स मिलला भावनांचे प्रदर्शन म्हणजे दुबळेपणा वाटे. ते निर्दय नव्हते. परंतु माया दाखवण्याची त्यांना लाज वाटे, आणि जी कधी दाखवलीच जात नाही, ती माया मुलाला कळावी कशी? घरात धाक होता, आदर होता. पण पोटात घेणारे कुणी नव्हते. नऊ मुलांचा संसार ओढणाऱ्या आईचे स्थान तर त्याहून विचित्र. मिलच्या छापील आत्मचरित्रात वडिलांवर पानेच्या पाने आहेत, पण आईचा उल्लेखही नाही. मुलगा बापाच्या हाती पूर्णपणे सोपवला गेला होता आणि त्या घरात आईच्या मायेला काही किंमतच उरली नव्हती, एवढे त्या मौनावरून उघड दिसते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की आपण हुशार आहोत हे या मुलाला ठाऊकच नव्हते. त्याला गर्व होऊ नये म्हणून वडील त्याची स्तुती कधी कुणाला करू देत नसत. तुलनेला दुसरी मुले नव्हतीच. तुलना होती ती फक्त वडिलांशी, आणि त्यांच्यापुढे तो नेहमीच अपुरा. १८२० साली, चौदाव्या वर्षी, तो फ्रान्सला निघाला, तेव्हा हाइड पार्कमध्ये फिरताना वडिलांनी त्याला पहिल्यांदा सांगितले की, तुला जे येते ते तुझ्या वयाच्या मुलांना येत नाही. पण त्यात तुझे कर्तृत्व नाही, तुला शिकवायला बाप मिळाला म्हणून ते आले. हेतू चांगला होता. पण गर्व खुडताना आत्मविश्वासही खुडला जातो, हे त्या विचारवंत पित्याच्या ध्यानात आले नाही.

फ्रान्समधले एक वर्ष मात्र सुखाचे गेले. बेंथॅमचा भाऊ सर सॅम्युएल याच्या कुटुंबाबरोबर जॉन राहिला, फ्रेंच शिकला, नाच, घोडेस्वारी आणि तलवारबाजीचे धडे घेतले, पिरेनीज पर्वत पाहिला. डोंगर आणि रानफुले यांचे वेड त्याला इथेच लागले आणि ते जन्मभर टिकले. तिथली माणसे मोकळेपणाने एकमेकांशी बोलतात, भावना बोलून दाखवतात, हेही त्याला जाणवले.

परत आल्यावर चक्र पुन्हा सुरू झाले. मे १८२३ मध्ये, सतरावे वर्ष पुरे होता होता, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत वडिलांच्या हाताखाली लागला. हिंदुस्थानला जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे लिहिण्याचे हे काम त्याने १८५८ साली कंपनीचा कारभार संपेपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे केले. कचेरीखेरीज वादसभेतील भाषणे, नियतकालिकांतील लेख, भावंडांचे धडे. आणि या सर्वांवर कडी म्हणजे बेंथॅमच्या न्यायविषयक पुराव्यांवरील अस्ताव्यस्त हस्तलिखितांतून पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध करण्याचे काम. हे सारे विशीच्या आत. पाहणाऱ्यांना वाटे, काय विलक्षण तरुण! वडिलांना वाटे, प्रयोग यशस्वी झाला.

१८२६ च्या शरद ऋतूत हा यशस्वी प्रयोग आतून मोडला. बाहेर काहीच घडले नव्हते. कुणी वारले नव्हते, नोकरी गेली नव्हती, प्रेमभंग झाला नव्हता. फक्त एके दिवशी जॉनने स्वतःला एक प्रश्न विचारला : समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून तू धडपडतोस, त्या सगळ्या या क्षणी घडून आल्या, तर तुला आनंद होईल का? आणि आतून उत्तर आले, नाही. ज्या ध्येयावर सारे आयुष्य उभारले होते, त्याविषयी मनात काहीच उमटेना. त्याची बुद्धी शाबूत होती. कचेरीतले काम बिनचूक होत होते, वादसभेत भाषणे होत होती. सवयीने हातपाय चालत होते, माणूस मात्र आत नव्हता. संगीतात त्याचे मन थोडे रमे. पण तिथेही एक विचार त्याला छळू लागला. सप्तकात सूर मोजकेच; त्यांच्या मेळणीलाही मर्यादा; मग एक दिवस नव्या सुरावटी संपून जाणार नाहीत का? पृथक्करण करण्याची सवय लावलेली बुद्धी आता आनंदाचेही तुकडे करून पाहत होती.

या साऱ्या प्रकरणातली सर्वांत करुण गोष्ट म्हणजे हे सांगायला त्याला कुणी नव्हते. ज्याच्यावर आपला तेवढा जीव आहे असे कुणी असते, तर आपल्यावर ही वेळच आली नसती, असे त्याला वाटे. वडिलांना सांगणे तर अशक्यच. त्यांना ते समजले नसते; आणि समजले असते, तर आपला सारा खटाटोप फसला हे त्यांना कळून दुःख तेवढे झाले असते. असे जिणे वर्षापलीकडे आपल्याला सोसवणार नाही, असे तो मनाशी म्हणू लागला होता. एकाच घरात, एकाच कचेरीत बाप आणि मुलगा रोज समोरासमोर बसत होते, आणि मुलगा बुडतो आहे हे बापाला ठाऊक नव्हते. पाहणाऱ्या कुणालाच ते दिसले नाही, कारण त्याचे काम चालू होते. मठ्ठ मुलाचे दुःख निदान प्रगतिपुस्तकात तरी उमटते. हुशार मुलाचे तिथेही उमटत नाही.

सुटका झाली ती अगदी साध्या वाटेने. सुमारे सहा महिन्यांनी तो मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचीत होता. वडील वारलेले, घर उघडे पडलेले, आणि लहानगा मुलगा ठरवतो की, इथून पुढे या सगळ्यांना मी त्यांच्या जागी होईन. हे वाचता वाचता मिलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या अश्रूंनी त्याचा जीव वाचवला. आपण दगड झालो नाही, आपल्याला अजून रडू येते, म्हणजे अजून आशा आहे! मेलेल्या बापाच्या प्रसंगानेच या मुलाचा बांध का फुटला, यावर मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे बरेच तर्क केले. आपल्याला त्या खोलात शिरण्याचे कारण नाही. भावनेला वाट मिळाली आणि ओझे हलके झाले, एवढे पुरे.

तरी मळभ एकदम गेले नाही. अधूनमधून ते परत येई. १८२८ च्या शरदात त्याने वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती घेतल्या. डोंगरांचे वेड पूर्वीचेच होते. पण या कवितांत निसर्गाच्या वर्णनापेक्षा निसर्गापुढे उभ्या राहिलेल्या मनाची अवस्था होती. आपल्याला जे झाले ते या कवीलाही झाले होते आणि त्यातून त्याने वाट काढली होती, हे त्याला दिसले. हे सुख असे होते की त्यात सर्वांना वाटा मिळू शकतो, आणि समाज सुधारल्यानंतरही ते आटणार नाही. सप्तकातले सूर संपण्याची भीती त्यानंतर उरली नाही. १८३१ साली सरोवरांच्या प्रदेशात जाऊन तो वर्ड्‌स्वर्थला भेटूनही आला.

कवितेपाठोपाठ मित्र आले. वादसभेत जॉन स्टर्लिंग आणि फ्रेडरिक मॉरिस हे कोलरिजचे अनुयायी म्हणजे मिलचे प्रतिपक्षी. स्टर्लिंगची समजूत अशी होती की, मिल हा कारखान्यातून घडवून काढलेला, ठराविक मतांचा शिक्का मारलेला माणूस. पण वर्ड्‌स्वर्थवरील चर्चेत मिल बोलला तेव्हा स्टर्लिंगला कळून चुकले की, या माणसाच्या आतही आपल्यासारखेच काहीतरी आहे. त्यांची घट्ट मैत्री झाली. मिलच्या आयुष्यात ज्याच्याशी मतभेद आहेत आणि तरीही जीव जडला आहे, असा माणूस आला. वयाच्या विशीनंतर त्याला मिळालेले हे सवंगडी दहाव्या वर्षी मिळायला हवे होते.

पुढचे आयुष्य सर्वश्रुत आहे. १८३० साली हॅरिएट टेलरशी ओळख झाली. तिचा पती निवर्तल्यावर १८५१ मध्ये दोघांनी विवाह केला, आणि साडेसात वर्षांनी आव्हीन्यों येथे ती वारली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ‘ऑन लिबर्टी’ तिच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. १८६५ ते १८६८ तो पार्लमेंटात होता. १८६७ साली स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्याने मांडलेल्या दुरुस्तीला ७३ मते मिळाली. ७ मे १८७३ रोजी आव्हीन्यों येथेच त्याचा अंत झाला आणि त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. वडिलांना जी गोष्ट सांगता आली नाही, ती त्याने मरणोत्तर साऱ्या जगाला सांगितली.

या संकटातून मिल काय शिकला? वडिलांचे शिक्षण त्याने फेकून दिले नाही. तो तर्क विसरला नाही, सुधारणेचा ध्यास सोडला नाही. फक्त जे गाळले गेले होते, ते त्याने जोडून घेतले. सुखाच्या मागे धावले की सुख निसटते. दुसऱ्या कशात तरी जीव ओतावा, मग ते वाटेत भेटते, हा एक धडा. विचारशक्तीइतकीच भावनांचीही मशागत करावी लागते, हा दुसरा. १८६७ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात भाषण करताना बुद्धीचे व नीतीचे शिक्षण सांगून झाल्यावर काव्य आणि कला यांच्याद्वारे होणाऱ्या शिक्षणालाही त्याने आवर्जून जागा दिली. आणि माणूस हा साच्यातून काढायचा नसून त्याला त्याच्या प्रकृतीने वाढू द्यायचे असते, हा ‘ऑन लिबर्टी’तला विचार वाचताना त्यामागे पेंटनव्हिलचा तो एकटा मुलगा दिसल्यावाचून राहत नाही.

१९२६ साली कॅथरिन कॉक्स या अमेरिकन संशोधिकेने इतिहासातल्या तीनशे एक थोर व्यक्तींच्या बालपणाच्या नोंदी तपासून त्यांचे बुद्ध्यंक अंदाजले. त्यांत मिलचा आकडा एकशे नव्वद, सर्वांत वरचा. गटेसुद्धा त्याच्या खाली! पण या आकड्यात १८२६ ची ती अवस्था कुठे दिसते? त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाई असाधारण बुद्धीच्या मुलांचा अभ्यास करीत होत्या. १९३९ साली त्या वारल्या आणि १९४२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. बुद्धी फारच पुढे गेलेल्या मुलाला बरोबरीचा सवंगडी मिळत नाही आणि तो एकाकी पडतो, अभ्यास सोपा म्हणून आयुष्य सोपे होत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष मुले पाहून मांडले. आपल्या पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ‘ज्ञान प्रबोधिनी’ सुरू केली, ती बुद्धिमान मुलांना एकत्र आणून त्यांच्या बुद्धीला समाजाशी जोडावे म्हणूनच. मिलला वाद घालायला विशीच्या उंबरठ्यावर वादसभा लाभली. इथे शाळकरी वयातच बरोबरीची मुले भेटावीत अशी सोय झाली. परंतु अशा संस्था मोजक्याच. बाकीची हुशार मुले आपल्यासारख्या साध्या वर्गांतूनच बसलेली असतात.

त्यांच्यासाठी फार काही करावे लागते असे नाही. एखाद्या प्राध्यापकाने उत्तरपत्रिका परत देताना गुणांपलीकडे दोन शब्द विचारावेत. त्याला सतत इतरांना शिकवायला न बसवता कधी बरोबरीच्या माणसाशी झगडू द्यावे. आणि आपण सहाध्यायांनी, नोट्स मागण्यापुरती त्याची आठवण न ठेवता, त्याला टेकडीवर फिरायला, नाटकाच्या तालमीला, चहाला बोलवावे. तो नाही म्हणेल, पुन्हा बोलवावे. मिलजवळ जगातली उत्तम पुस्तके होती आणि इंग्लंडातला एक उत्तम शिक्षक त्याचा बापच होता. त्याला हवा होता तो फक्त एक माणूस, ज्याच्यापाशी जाऊन, आज मला बरे वाटत नाही, एवढे म्हणता आले असते.